आठव्यांदा धुतलेलं रक्त

रक्ताची मला किळस नाही. ताजं, शिळं, गोठलेलं, काचेवर पसरलेलं, सगळं रक्त मी हाताळलंय आणि त्याच हातांनी, साबण लावून अर्थात, डबाही खाल्लाय. किळस मला माणसांची येते. त्यातही फार स्वच्छ माणसांची. खिशात इस्त्रीचा रुमाल, बोटांना सारखं सॅनिटायझर आणि तोंडात 'हायजीन' असा माणूस समोर आला की मी दोन पावलं मागे सरते. वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या, मी चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाहीये.

मी पांढरकवड्याला एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. आमचं घर मारेगावकडच्या एका खेड्यात आहे. तिथं आई असते आणि माझी मोठी बहीण. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवते आणि तिला सिकलसेल आहे. आमच्या बौद्ध वस्तीत किंवा पलीकडच्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लोक आधी कार्डाचा रंग विचारतात. पिवळं कार्ड म्हणजे आजार अंगात आहे पण त्रास नाही, लाल म्हणजे त्रासच त्रास. माझं पिवळं, तिचं लाल. एका ताटात जेवून वाढलेल्या आम्ही दोघी आणि वाटणी अशी झाली. तिच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, मग ती दोन-दोन दिवस गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडते.

यावर एक औषध आहे. ते आजार बरा करत नाही, पण असे दिवस बरेच कमी करतं. मात्र ते सुरू करायच्या आधी रक्त तपासावं लागतं आणि सुरू केल्यावरही अधूनमधून तपासत राहावं लागतं. आणि ताई रक्त तपासू देत नाही. कितीतरी वर्षं झाली, दर वेळी एकच उत्तर, "मले नको." सुईला भिते म्हणावं तर मशीनची सुई बोटात घुसली तरी चिंधी गुंडाळून उरलेली बाही पुरी करणारी ही बाई. मी समजावलं, रडले, अबोला धरला, आईकडून सांगून पाहिलं. एकदा फोनवर "मर मग" असंही म्हणून बसले. गावभर अक्कल वाटत फिरणाऱ्या मास्तरणीची घरात एवढी किंमत. दर क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याच्या अशा झटक्यात, तिची एकेक गोष्ट जात होती. आधी डाव्या खुब्याचं हाड गेलं, मग एका डोळ्याला कमी दिसायला लागलं. आणि मी चिडून तिच्याकडे बघायची. तिच्या हट्टाचीही मला किळस यायला लागली होती, हे लपवत नाही.

आता सरांचं सांगते.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी नुकतीच एमएस्सी झाले होते. एका मोठ्या शहरातले प्राध्यापक आमच्या भागात सिकलसेलवर काम करायला आले. लाल पेशीच्या बाहेरच्या पातळ पडद्यावर कोणकोणती प्रथिनं असतात, आजारी पेशीत त्यात काय फरक पडतो, असा विषय होता. त्यांना इथली बोली येणारी, वस्तीत वट असणारी आणि सेंट्रिफ्यूज चालवता येणारी मुलगी हवी होती. अशी इथं मी एकटीच होते. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

सर आमच्या गावात दोनदा आले. विहाराच्या ओसरीवर शिबिर लावलं होतं. बायांनी खुर्ची पुसून ठेवली होती, ती त्यांनी आपल्या रुमालानं पुन्हा पुसली. चहा आला तर "ॲसिडिटी आहे" म्हणाले आणि गाडीत जाऊन आपल्या थर्मासमधला चहा प्यायले. फोटोला मात्र सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले, दोन म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर हात ठेवून. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी ते हात कशानं तरी पुसले. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. नोकरी नवी होती.

रक्त द्यायला कुणी पुढे येईना. आधीही कोण कोण येऊन रक्त घेऊन गेले होते. एक म्हातारी तोंडावर बोलली, "रक्त नेते लोकं, मंग तोंड नाही दाखवत." तेव्हा ताई उठली, लुगड्यातल्या बायांमधून वाट काढत आली आणि माझ्यासमोर हात टेकवून बसली. "घे. पन काय निघालं ते मले येऊन सांगजो. चांगलं निघो का वाईट."

"हाव," मी म्हणाले.

तिच्यामागे सगळी ओळ लागली. एका छोट्या नळीत औषधाचं पाणी, त्यात थेंबभर रक्त, नळीमागे छापील रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक, गढूळ झालं तर सिकलसेल. ही झाली झटपट चाचणी. खऱ्या कामासाठीचं रक्त मी वेगळ्या नळ्यांमध्ये घेतलं. पहिल्या नळीवर 'नंबर एक' असं लिहिलं, ती ताईची.

काम कॉलेजच्या मागच्या एका खोलीत चालायचं. रक्त गरगर फिरवायचं म्हणजे लाल पेशी तळाशी बसतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा साईसारखा पातळ थर धरतो, तो हलक्या हातानं ओढून घ्यायचा. मग खारं पाणी घालून लाल पेशी पुन्हा फिरवायच्या, पाणी ओतून द्यायचं. याला आम्ही धुणं म्हणतो. तीनदा धुतलं की रीत पुरी होते. नंतर पेशी फोडून फक्त पडदा ठेवायचा आणि त्यातली प्रथिनं एका पट्टीवर वेगळी करायची. ज्याचा शोध घ्यायचा ते प्रथिन त्या पट्टीवर काळ्या रेघेसारखं उमटतं.

सरांनी एका एन्झाइमची तपासणी प्रत्येक पट्टीवर सक्तीची केली होती. प्रथिनांना घडी घालून आकार देणारं हे एन्झाइम. पेशीच्या आत त्याची ठरलेली जागा असते, जाळीदार कप्प्यांची एक व्यवस्था, आणि तिथंच त्यानं राहावं असं सगळी पुस्तकं सांगतात. त्याच्या शेपटाला एक खूणही असते, भरकटलं तर त्या खुणेवरून त्याला परत कप्प्यात आणलं जातं. आता पिकलेल्या लाल पेशीची गंमत अशी की ती हे कप्पे, केंद्रक, सगळा संसार टाकून देते आणि नुसतं हिमोग्लोबिन भरून फिरते. कप्पाच नाही तर तिथं राहणारं एन्झाइम कुठून असणार? म्हणून सरांची युक्ती अशी की पट्टीवर हे एन्झाइम दिसलं, की समजायचं दुसऱ्या पेशींची भेसळ राहिली, काम स्वच्छ झालेलं नाही. थोडक्यात, ते एन्झाइम दिसलं तर त्याचा अर्थ घाण, एवढाच काढायचा हे आधीच ठरलेलं होतं.

एक नंबरच्या पट्टीवर ते ठळक दिसलं. माझ्यासारख्या पिवळ्या कार्डवाल्यांचं फिकट, निरोगी माणसांचं त्याहून फिकट, आणि लाल कार्डवाल्यांचं ठळक. सगळ्यात काळी रेघ ताईची.

मी उत्साहानं फोन केला. सर हसले. "कंटॅमिनेशन. पांढऱ्या पेशी राहिल्यात. असं आहे, तुमच्याकडच्या मुलांना स्वच्छतेची सवय लहानपणापासून नसते, त्यात तुझा दोष नाही. परत धू."

त्या वेळी माझ्या टेबलावर मायक्रोस्कोप होता. त्यात ताईच्या धुतलेल्या रक्ताचा थेंब होता आणि त्या थेंबात एकही पांढरी पेशी नव्हती. मी तीन वेगवेगळ्या थेंबांत पाहिलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "सर, पांढरी पेशी एकही नाही, मग हे आलं कुठून?" दुसरी एखादी पोरगी म्हणाली असती. मी खाऱ्या पाण्याची बाटली उचलली.

याचं कारण मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही. आमच्या आईनं जन्मभर घर घासलं. भांडी इतकी लख्ख की फळीवरून डोळे दिपावेत. मातीची जमीन, पण तिच्यावर काडी सापडायची नाही. आमचे शाळेचे फ्रॉक ती निळीत बुडवून पांढरेशुभ्र काढायची आणि म्हणायची, "कोनी बोट दाखवाले नाही पाह्यजे." गावातल्या ज्या लोकांचं बोट तिला दिसायचं ते कधी आमच्या घरात पाऊल टाकणार नव्हते, तरी ती त्यांच्यासाठी घासत राहिली. वस्तीतली जवळजवळ सगळीच घरं अशी होती. अशा घरात वाढलेल्या पोरीला कुणी घाण म्हटलं की ती खरं-खोटं करत बसत नाही, ती आधी साबण शोधते. सरांनी तो शब्द काढला आणि मी पाणी ओतायला लागले. विचार करायची माझी शुद्धच राहिली नाही.

चौथ्यांदा धुतलं, रेघ तशीच. पाचव्यांदा, सहाव्यांदा, तशीच. सातव्यांदा धुताना निम्म्या पेशी फुटल्या, पाणी लालेलाल झालं, पण रेघ जागची हलली नाही. सर फोनवर वैतागले. मग आठव्या वेळी मी पाण्यात नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त मीठ घातलं. रेघ गेली. पट्टी कोरी.

"बघ, आता कसं स्वच्छ आलं," सर म्हणाले. "व्हेरी गुड."

मला आनंद झाला. त्या दिवशी मी बसस्टँडवर उभी राहून उसाचा रस प्यायले, स्वतःलाच शाबासकी म्हणून. आज सगळ्यात जास्त किळस मला त्या रसाच्या ग्लासाची येते. कारण पडद्याला बाहेरून हलकेच धरून बसलेली प्रथिनं जास्त मिठानं सुटतात, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. ते एन्झाइम पेशीवर बसलेलं होतं, म्हणून सात धुण्यांत टिकलं आणि मिठानं सुटलं. पेपरात हा प्रश्न आला असता तर मी त्याचं उत्तर पान भरून लिहिलं असतं.

मग सगळ्याच नळ्या आठ-आठदा धुतल्या. अहवालात त्या रेघेचा शब्दही आला नाही. काही महिन्यांनी सरांचा निरोप आला, उरलेलं टाकून दे. मी झाकणं उघडून एकेक नळी ब्लीचच्या बादलीत ओतली, माझ्याच अक्षरातले नंबर वाचत. बादलीला असा वास सुटला की खोलीतून बाहेर यावं लागलं.

ताईला दिलेला शब्द होता. घरी गेले तेव्हा ती मशीनवर होती. मी उंबऱ्यातूनच, चप्पलही न काढता सांगून टाकलं, "काही नाही निघालं व. तुह्यं सॅम्पलच घाण निघालं. गंजदा, आठ-आठ बारी धुतलं, शेवटी फेकून द्या लागलं." ती "बरं" म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

नंतर मी नोकरीला लागले, पेपर तपासत राहिले, पोरांना पेशीची आकृती काढायला लावत राहिले. घडी घालणारं एन्झाइम कुठे असतं, या प्रश्नाला कप्प्याचं नाव लिहिलं की पूर्ण मार्क. ताईचं दुखणं वाढत गेलं. एकदा एका दवाखान्यात ती कॉटवर तळमळत होती आणि तिथला एक डॉक्टर, वयानं माझ्याहून लहान, नर्सला म्हणाला, "काही नाही, नाटक आहे, इंजेक्शनची सवय लागली." मी त्याला सगळ्या वॉर्डासमोर असं झापलं की तो घामाघूम झाला. बाहेर आल्यावर मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. ताई एवढंच म्हणाली, "जाऊ दे व." मग मी परत तोच विषय काढला, रक्त तपासू, औषध सुरू करू. परत तेच, "मले नको." तिला म्हटलं, तुझ्यासारखी आडमुठी बाई सबंध जिल्ह्यात नसेल.

गेल्या थंडीत एका लेक्चरसाठी म्हणून मी नवं काही वाचायला बसले. वर्षानुवर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीवरून शिकवते म्हणून पोरं हसतात, तेवढी लाज अजून आहे. आणि समोर तेच एन्झाइम. ते कप्प्याबाहेर सापडतं. पेशीच्या बाहेरच्या अंगावर सापडतं, केंद्रकातही सापडल्याचं म्हणतात. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, ते बाहेर सोडतात आणि रक्त गोठायला त्याची मदत होते. आणि कप्पेच नसलेल्या लाल पेशीवरही ते असतं. सिकलसेलच्या रोग्यांच्या पेशीवर त्याचं काम जास्त चालतं, त्यामुळे पेशीतलं पाणी निघून जायला वाव मिळतो, असं मांडलेलं. हे छापून येऊनही पुष्कळ वर्षं झाली होती. मी वाचलं नव्हतं. माझ्या ताईच्या रक्तातली रेघ कुठल्या तरी दूरच्या माणसांनी, दुसऱ्या कुणाच्या रक्तात, न धुता पाहिली होती.

मला खरोखरची ओकारी आली. स्टाफरूमच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. सरांचा राग आला, पण तो लगेच संपला. त्यांना मायक्रोस्कोपमध्ये काय आहे ते मी सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारी घरी गेले. ताईला हे सांगायचं होतं, आणि त्या निमित्तानं तपासणीचा विषय पुन्हा काढायचा होता. ती एका ब्लाऊजला हूक लावत बसली होती. मी जवळ बसले आणि तिच्याच हातातल्या ब्लाऊजवरून सांगायला लागले. प्रथिन म्हणजे हा कपडा समज. त्याला हूक असतात, ते बरोबर जागी लागले तर कपडा अंगावर बसतो. हे एन्झाइम म्हणजे हूक लावणारी बाई. चुकला तर काढते, दुसरीकडे लावते. तिनं आपल्या खोलीत बसून हे काम करावं असं सगळे म्हणतात. तुझ्या रक्ताच्या पेशीत तर खोलीच नाही. तरी ती पेशीच्या बाहेरच्या अंगावर बसलेली आहे आणि तिथल्या दारांचे हूक काढून ठेवते. मग पेशीतलं पाणी दारातून जातं, पेशी सुकते आणि लवकर वाकते.

"म्हनून डॉक्टर म्हनते का, पानी पेत राह्य म्हनून?" ताई म्हणाली.

"हाव. म्हनूनच." माझी एमएस्सीची पोरं हा प्रश्न विचारत नाहीत.

"आन हे माह्या रक्तात होतं?"

"सगळ्यात जास्त तुह्याच."

"तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं. सातदा धुवूनही दिसलं. मीच आठव्या बारीले मीठ टाकून धुवून काढलं. सर म्हणे घाण हाय, मी मानलं."

तिनं सुई कपड्यात खोचली. मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि द्याव्यात असं वाटत होतं.

"म्हन्जे माह्यं रक्त घाण नव्हतं," ती म्हणाली.

"नाही व. कोन म्हनते?"

"तूच त सांगतलं होतं. त्या दारात उभी राहून." तिच्या आवाजात राग नव्हता, ती मला फक्त आठवण करून देत होती. "मी म्हटलं, माह्या सख्ख्या बहिनीनं इतक्यांदा धुवून जे साफ झालं नाही, ते दुसऱ्याच्या हातून काय साफ होनार? उगा लोकायची मशीन खराब कराची. आन तिथं चारचौघात कोनी म्हटलं, बाई, तुह्यं रक्त घाण हाय, त मंग? म्हनून जात नव्हती मी."

इतकी वर्षं मी तिच्यावर ओरडत होते. तिचा खुबा, तिचा डोळा, गुडघे पोटाशी घेऊन काढलेले ते सगळे दिवस माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःची इतकी शिसारी आली की मला तिच्याकडे बघवेना. माफी मागायच्या ऐवजी मी जमिनीवर सांडलेले हूक वेचत बसले.

ताईनं दातानं दोरा तोडला, ब्लाऊजची घडी करून बाजूला ठेवली. मग जरा लाजल्यासारखी, तिच्याकडच्या एखाद्या गिऱ्हाइकानं जुनं कापड पुढे करून विचारावं तशी, मला म्हणाली, "मंग आता चालन का व माह्यं, तपासाले?"